नवा माइक घेतला, तरी आवाज विहिरीतूनच येतोय?

गेल्या जूनमध्ये आत्याचा फोन आला. "अरे, तू म्हणालास तो हेडसेट नाही घेतला. एका विद्यार्थिनीच्या भावाने सुचवला तो चांगला जाडजूड माइक मागवला. आणि आता मुली म्हणतायत, ताई, तुम्ही लांबून गाताय का?"

आत्या पुण्यात नारायण पेठेत राहते, शास्त्रीय गाणं शिकवते. काही विद्यार्थिनी समोर सतरंजीवर बसतात, काही झूमवर. मी गेलो तेव्हा नवा माइक लॅपटॉपच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर तुळशीच्या कुंडीला टेकून उभा होता. आत्यापासून तीन फूट. डोक्यावर पंखा पाचावर, खिडकीखाली रिक्षा, आणि आत कुकरची दुसरी शिट्टी. माइक इमानदारीने हे सगळं न्यू जर्सीपर्यंत पोचवत होता. त्यात थोडी आत्याही होती.

घरातला 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कुणाचा आवाज घुमतो, कुणाचा खरखरतो, कुणाचा शब्दाच्या मध्येच तुटतो. शेवटी सगळे एकच विचारतात: हेडसेट घेऊ की वेगळा माइक? दुखणं कुठलं ते न बघता औषधाच्या दुकानात उभं राहण्यासारखं आहे हे. म्हणून आधी तपासणी, खरेदीचं नंतर.

दहा मिनिटांची तपासणी

कॉल लावून "माझा आवाज कसा येतोय?" विचारू नका. समोरचा "ठीक आहे" म्हणतो आणि विषय संपतो. स्वतःचं रेकॉर्डिंग करा. विंडोज ११ मध्ये 'साउंड रेकॉर्डर' असतो, मॅकवर 'व्हॉइस मेमोज'. नेहमी बसता तिथेच, नेहमीच्या आवाजात अर्धा मिनिट बोला, मग दहा सेकंद गप्प बसा. ही गप्प दहा सेकंदं फार बोलकी असतात.

बोलायचं काय, तर मी सगळ्यांकडून एक वाक्य म्हणून घेतो: "भाऊ, फाटकापाशी थांब, भाजी घेऊन सात वाजेपर्यंत येतो." वाक्य बावळट आहे, पण त्यात भ, फ, प, थ, घ आहेत. मराठीत महाप्राण भरपूर, म्हणजे तोंडातून हवेचे झोत भरपूर. माइक तोंडाच्या अगदी समोर असेल तर 'भाऊ'च्या 'भ'ला रेकॉर्डिंगमध्ये उशीवर गुद्दा मारल्यासारखा आवाज येतो. 'सात'चा 'स' बोथट आला तर कारण वेगळं असतं, ते पुढे सांगतो.

आता हेडफोन लावून ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल आणि कॉलवरच बोंब असेल, तर माइक निर्दोष आहे. इंटरनेट बघा, ॲपची सेटिंग बघा, पैसे खिशात ठेवा. रेकॉर्डिंगच खराब असेल तर पुढे वाचा.

त्याआधी एक गोष्ट, जी सांगताना मलाच संकोच वाटतो, पण निम्म्या वेळा रोग हाच निघतो. चालू आहे तो माइक तुम्हाला वाटतो तोच आहे का? रेकॉर्डिंग चालू ठेवून नव्या माइकवर नखाने टिचकी मारा, मग लॅपटॉपच्या कडेवर मारा. ज्या टिचकीचा कानठळ्या बसवणारा 'टक्' येईल, तो माइक चालू. आत्याच्या ओळखीतल्या एका बाईंनी महिनाभर नव्या माइकसमोर मान पुढे काढून कीर्तन शिकवलं आणि झूम मात्र लॅपटॉपचा माइक वापरत होतं. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'साउंड' इथे 'इनपुट' निवडता येतो, पण झूम आणि मीट आपापली निवड वेगळी धरून ठेवतात. तिथेही जाऊन बदलावं लागतं. काहीच आवाज येत नसेल तर 'प्रायव्हसी'त माइकची परवानगी दिली आहे का तेही बघा.

दोन बोटं, एक वीत, एक हात

माझ्या मते हेडसेट की माइक या वादातलं निम्मं उत्तर अंतरात आहे.

उघड्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. हेडसेटची दांडी ओठापासून दोन बोटांवर असते, सोयीसाठी ५ सेंटीमीटर धरू. टेबलावरचा माइक नीट ठेवला तर वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर. लॅपटॉपचा स्वतःचा माइक हातभर लांब, ४० सेंटीमीटर. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस: तीनदा दुप्पट, म्हणजे हेडसेटच्या मानाने लॅपटॉपच्या माइकपाशी तुमचा आवाज १८ डेसिबलने उतरलेला. पंखा मात्र छतावरच आहे. त्याला तुम्ही हेडसेट लावलाय की काय लावलाय याच्याशी देणंघेणं नाही, त्याचा आवाज सगळीकडे जवळपास तेवढाच. मग तुम्ही माइकची पातळी वाढवता, 'बूस्ट' वीसवर नेता, आणि बोलण्याबरोबर पंखाही तेवढाच वर येतो. पातळ झालेल्या आमटीत पातेलंभर मीठ घातलं तरी ती घट्ट होत नाही.

'विहिरीतून' आवाज येण्याचं कारणही हेच. तोंडातून निघालेला आवाज थेट माइककडे जातो आणि भिंती-फरशीवर आपटूनही जातो. माइक जवळ असेल तर थेट आवाज इतका जोरकस असतो की आपटलेला दबून जातो. माइक लांब गेला की दोन्ही बरोबरीला येतात आणि ऐकणाऱ्याला खोली ऐकू येते. जुन्या वाड्यातली शहाबादी फरशी असो की नव्या सोसायटीतली गुळगुळीत टाइल आणि काचेचा सरकता दरवाजा, घुमवण्यात दोघी सारख्या. उलट जुन्या घरात कपाटं, गाद्या, पुस्तकं यांची गर्दी असते, तिथे आवाज बरा येतो. नवीन फ्लॅटमध्ये 'मिनिमल' सजावट करून बसलेल्यांचे हाल जास्त.

हेडसेटचं सगळं मोठेपण एवढंच, की तो हे अंतर तुमच्या हातात ठेवत नाही. मान वळवा, खुर्चीत मागे रेला, वही बघायला वाका, दोन बोटं ती दोन बोटंच. आतला माइक अनेकदा अगदी साधा असतो. पण ओठाशी असलेला साधा माइक खिडकीतल्या महागड्या माइकपेक्षा चांगला वाजतो, हे मी आत्याच्या घरी तिलाच ऐकवून दाखवलं. भाच्याचा जुना हेडसेट तिच्या डोक्यावर चढवला आणि दोन्ही रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ लावली. ती म्हणाली, "हे स्वच्छ आहे, पण हा माझा आवाज नाही." तेही खरं होतं. बहुतेक हेडसेट बोलणं कळावं म्हणून बनवलेले असतात. खर्जातला भरीवपणा आणि वरच्या सप्तकातली धार त्यांना पेलत नाही. म्हणजे आत्यासाठी वेगळा माइकच बरोबर होता. चुकली होती ती जागा.

आत्याच्या माइकचं काय केलं

पहिलं, माइक उलटा होता. हे ऐकून लोक हसतात, पण आपण माइक बघितलेला असतो तो सभेतला: टोकाकडून बोलायचा. टेबलावर पेल्यासारखे उभे राहणारे बरेच माइक बाजूने बोलायचे असतात. त्यांचं टोक तोंडाकडे वाकवलं तर तुम्ही त्यांच्या कानाऐवजी डोक्यावर बोलताय. कंपनीचं नाव छापलेली बाजू सहसा पुढची. खात्री करायची तर माइकभोवती फिरत आकडे मोजा आणि रेकॉर्डिंग ऐका, 'तीन'ला भरीव आणि 'सात'ला पोकळ येतं की नाही ते लगेच कळतं.

दुसरं, मागे एक खटका होता आणि तो गोलाच्या चिन्हावर होता. गोल म्हणजे माइक चहूबाजूंनी सारखंच ऐकणार. बदामाचं चिन्ह म्हणजे पुढून जास्त, बाजूंनी कमी, पाठीमागून सगळ्यात कमी. एकट्याने बोलायचं किंवा गायचं तर बदाम. गोल तेव्हाच, जेव्हा चार जण टेबलाभोवती बसलेत. बदामावर ठेवल्यावर माइकची पाठ खिडकीकडे केली आणि रिक्षा बऱ्याच मागे हटल्या. पूर्ण जात नाहीत, कारण रिक्षाचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतोच.

तिसरी, गोधडी. लोक माइकच्या मागे फोम लावतात. बदामी माइकचं तोंड मात्र तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त दिसते ती तुमच्या पाठीमागची भिंत. आजीची जाड गोधडी आत्याच्या पाठीमागच्या खुंट्यांना टांगली. कॅमेऱ्यात छानही दिसते, कुणी विचारलं तर 'पारंपरिक पार्श्वभूमी' म्हणून सांगता येतं.

आणि अंतर. बोलताना वीतभर, गाताना दीड वीत, कारण तानेत आवाज एकदम चढतो आणि माइक फाटतो. पातळी लावायची ती सगळ्यात मोठ्या तानेला लाल दिवा लागणार नाही अशी. नेहमीच्या बोलण्यावर लावली तर तान गेलीच. टेबलावर ठेवलेल्या माइकला पेटीचा भाता, तबल्याचे धक्के, पायाचा ताल सगळं लाकडातून पोचतं, म्हणून माइक अधांतरी धरणारा, टेबलाला आवळायचा हात घ्यायचा विचार होता. तूर्त चौघडी केलेल्या पंच्यावर भागलंय.

तानपुरा कुठे गेला?

इतकं केल्यावर आवाज छान आला आणि नवीच तक्रार आली: तानपुरा ऐकूच येत नाही. आत्याचा तानपुरा फोनवरच्या ॲपचा, स्पीकरवर लावलेला. खोलीत भरभरून वाजतोय आणि पलीकडे पत्ता नाही. कधी आत्याचा लांबवलेला षड्जसुद्धा दोन-तीन सेकंदांनी विरून जायचा.

यात माइकचा काही दोष नव्हता. झूम, मीट, टीम्स सगळ्यांत गोंगाट कमी करणारी यंत्रणा असते. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, पाऊस, असा तिचा साधारण समज. एकसारखा चालू राहणं हा तर तानपुऱ्याचा धर्म. यंत्रणेने त्याला पंख्याच्या रांगेत बसवलं. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे. तो चालू केला आणि तानपुरा परत आला. पंखाही परत आला, हे ओघानेच. शिकवणीपुरता पंखा एकावर.

बोलण्यासाठी हीच यंत्रणा वरदान आहे, फक्त ती एकाच ठिकाणी चालू ठेवा. माइकबरोबर आलेलं सॉफ्टवेअर गोंगाट काढतंय, वर विंडोजची सोय चालू आहे, त्यावर मीट पुन्हा काढतंय, असं झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्दांची शेपटं कापली जातात. एक ठेवा, बाकी बंद. तसंच, तुम्ही थांबलात की पंखा हळूहळू मोठा होतो आणि बोलायला लागलात की एकदम दबतो, असं होत असेल तर माइकची पातळी आपोआप कमीजास्त करणारा पर्याय चालू आहे. तो बंद करून पातळी एकदा हाताने लावून टाका.

ब्लूटूथवाल्यांसाठी

माझा भाचा सिंहगड रस्त्याला राहतो, हिंजवडीच्या कंपनीत काम करतो, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून. त्याचा हेडफोन माझ्या स्कूटरच्या टायरांपेक्षा महाग. गाणी ऐकायला अप्रतिम. मीटिंग सुरू झाली की मात्र सगळं ट्रान्झिस्टरसारखं वाजायला लागतं, त्यालाही आणि पलीकडच्यांनाही. दोनदा दुरुस्तीला टाकून आणला. हेडफोनला काही झालेलंच नव्हतं.

नेहमीचं ब्लूटूथ दोन तऱ्हांनी आवाज नेतं. एक तऱ्हा फक्त ऐकण्याची: एकाच दिशेने, स्टिरिओ, चांगल्या दर्जाची. दुसरी 'हँड्सफ्री', दोन्ही दिशांची, फोनवर बोलण्यासाठी ठरवलेली. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ पहिली सोडून दुसरीवर जातं. या दुसरीत जुन्या पद्धतीने आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित पद्धतीने १६,०००. नमुन्यांच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गळालं. 'स'चा जीव बराचसा त्याच्या वरच असतो. फोनवर आडनाव सांगताना "स, सशातला स" म्हणावं लागतं ते यामुळेच, आणि रेकॉर्डिंगमधला 'सात' बोथट येतो तोही यामुळे.

यावर फुकटचा उपाय असा: हेडफोन ब्लूटूथच ठेवा, पण फक्त ऐकायला. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा, किंवा वायरवाला कुठलाही वेगळा माइक निवडा. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसतात, एकीसमोर 'स्टिरिओ' आणि दुसरीसमोर 'हँड्सफ्री'. स्पीकरच्या ठिकाणी स्टिरिओवाली निवडायची. भाच्याने एवढं केल्यावर त्याच्या कानातला ट्रान्झिस्टर त्याच दिवशी बंद झाला. त्याच्या गॅलरीखालच्या रस्त्यावरचे डंपर मात्र लॅपटॉपच्या माइकला ऐकू येऊ लागले, म्हणून महिन्याभराने त्याने दांडीवाला साधा यूएसबी हेडसेट घेतला. महागडा आता गाण्यांपुरता. ब्लूटूथचं नवं 'एलई ऑडिओ' ही अडचण बऱ्यापैकी सोडवतं, पण ते हेडफोन आणि लॅपटॉप दोघांतही असावं लागतं. एकाच बाजूला असून उपयोग नाही.

ब्लूटूथ नसलेले, स्वतःची यूएसबी खुंटी घेऊन येणारे वायरलेस हेडसेटही असतात. त्यांचा आवाज चांगला असतो, पण मध्येच तुटतो अशी तक्रार येते. खुंटी लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३च्या खाचेत असेल आणि शेजारच्याच खाचेत बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल, तर संशय तिथेच घ्या. यूएसबी ३च्या कामकाजातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गडबड पसरते, आणि ही खुंटी त्याच पट्ट्यात बोलत असते. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून खुंटी टेबलावर पुढे आणली की बहुतेकदा भागतं.

गुलाबी, हिरवी आणि तापकीर गल्ली

शेजारचे काका निवृत्त शिक्षक. टायपिंगचा कंटाळा येतो म्हणून बोलून मराठी लिहितात. त्यांच्याकडे जुना डेस्कटॉप, पाठीमागे गुलाबी आणि हिरवं भोक. मुलाने मोबाइलचा चांगला इअरफोन दिला होता. हिरव्यात घातला तर ऐकू येतं, गुलाबीत घातला तर काहीच नाही. काकांनी निष्कर्ष काढला की माइक गेला.

इअरफोनची पिन डोळ्यांजवळ धरून बघा. तिच्यावर काळे किंवा पांढरे कडे असतात. दोन कडे म्हणजे तीन भाग: डावा कान, उजवा कान, आणि दोघांची सामाईक 'अर्थ'ची तार. तीन कडे म्हणजे चार भाग, चौथा माइकचा. मोबाइलवाल्या इअरफोनला चार भाग असतात. लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकाला चार भाग कळतात. डेस्कटॉपची गुलाबी-हिरवी जोडी तीन-तीन भागांची, तिथे माइकचा भाग कुठेच जुळत नाही. त्यासाठी एक आखूड वायर मिळते: एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, एकीवर माइकचं चित्र आणि दुसरीवर हेडफोनचं.

ती आणायला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. 'स्प्लिटर द्या' म्हटलं की दुकानदार न बघता देतो ती वायर दुसरीच असते: एक पिन आणि दोन भोकं, दोघांनी एकाच फोनवर गाणी ऐकायची. मीही ती घेऊन घरी आलो, उन्हातून परत गेलो, आणि बदलून मिळणार नाही हे ऐकून दुसरीचे पैसे दिले. तेव्हा काउंटरवरच बघा: आपल्याला हवीत दोन पिना आणि एक भोक.

वायर लागली, माइक चालू झाला, आणि मागे 'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज. हा विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तो खर्ज आणि त्याच्या पटीतले सूर माइकच्या बारीक वायरीत शिरतात. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बघावा: आवाज गेला तर दोष विजेच्या बाजूचा. काकांच्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, जुन्या इमारतीत हे सर्रास सापडतं. इलेक्ट्रिशियन बोलावून ते करून घेतलं. 'घूं' काढायला पिनेचा तिसरा, जाड पाय काढून टाकण्याचा एक गावठी उपाय लोक सांगतात. तो जिवावर बेतू शकतो, अजिबात करू नका. अर्थिंगनंतर 'घूं' बराच उतरला, पूर्ण गेला नाही. शेवटी काकांना यूएसबी हेडसेट घेऊन दिला. त्यात आवाजाचं आकड्यांत रूपांतर हेडसेटच्या वायरीतच होतं, कॉम्प्युटरच्या आतल्या खरखरीशी त्याचा संबंध उरत नाही. तापकीर गल्लीतली ती दुसरी वायर आता माझ्या ड्रॉवरमध्ये पहिलीशेजारी पडून आहे.

बोलून लिहिणाऱ्यांना हेडसेटच घ्या म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे. यंत्राला तुमच्या आवाजाची पातळी सारखी लागते. माणूस अंदाजाने कळून घेतो, यंत्र 'आहे'चं 'हे' करून मोकळं होतं. इंग्रजीत बोलून लिहिण्याचं 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' १९९७ मध्ये आलं, आणि पुढे त्याच्या बऱ्याच खोक्यांत सॉफ्टवेअरबरोबर हेडसेटच असायचा. काका लिहिताना येरझाऱ्या घालतात. वेगळा माइक दिला असता तर खिडकीपाशी सुचलेली वाक्यं खिडकीतच राहिली असती.

दांडी मात्र तोंडाच्या समोर नको, ओठाच्या कोपऱ्याशी, किंचित खाली. 'भ' आणि 'फ'चे झोत मग बाजूने निघून जातात. फोमची टोपी हरवली असेल तर दहा-वीस रुपयांत मिळते, बिनधास्त लावा. आणि बऱ्याच हेडसेटमध्ये दांडी वर केली की माइक बंद होतो. काकांनी चहा पिताना ती वर केली होती आणि नंतर अर्धं पान हवेत सांगितलं.

मग घेऊ काय?

मीटिंग, शिकवणी, बोलून लिहिणं, आणि घरात माणसं असताना काम: वायरवाला, दांडीवाला यूएसबी हेडसेट. डोळे मिटून. चष्मा असेल तर कानाला चिमटा काढतो का ते दुकानात निदान दहा मिनिटं घालून बघा, आणि एप्रिल-मेमध्ये गादीवाल्या कानपट्ट्यांत घाम येतो हेही लक्षात ठेवा. तो सहन होत नसेल किंवा कानात श्रवणयंत्र असेल तर वायरवाला कॉलर माइक शर्टाला, छातीच्या वरच्या भागात लावा. दोन बोटं नाही तरी वीतभर अंतर टिकतं.

गाणं, वाचन, मुलाखती, जे लोक पुन्हा ऐकणार आहेत असं काहीही: वेगळा माइक. पण तो घेतला म्हणजे कानाला काही लावायला नको, हा गैरसमज मी सगळ्यात जास्त पाहतो. स्पीकर चालू ठेवून वेगळा माइक वापरलात तर पलीकडचा आवाज तुमच्या माइकमधून परत त्याच्याकडे जातो. इथे एक विचित्र गोष्ट अशी की प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, तो सहसा निर्दोष असतो. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर पलीकडच्याचा स्पीकर मोठा आहे. आणि "तुमच्याकडून एको येतोय" असं चार जण म्हणत असतील, तर तुम्हाला काही ऐकू येत नसलं तरी गुन्हेगार तुम्ही. आत्याला आता एका कानात साधा इअरफोन लागतो, दुसरा कान समोरच्या मुलींसाठी मोकळा.

जाड गोल पिनेचे, वेगळं यंत्र आणि ४८ व्होल्ट लागणारे माइक घरी घ्यायचा मोह होतो. व्हिडिओत सगळ्यांसमोर तेच दिसतात. पहिला माइक तो नको. यूएसबीवर भागत नाही हे कळेपर्यंत तुम्हालाच कळलेलं असेल की का लागतोय.

आत्याचं सगळं बसलं आणि तीन आठवडे फोन नाही. मग जुलैत आला. गणपती जवळ आले होते, नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला होता. बदाम, गोधडी, माइकची पाठ नदीकडे, सगळं करून पाहिलं. नदीपात्रातला ढोल भिंतीतून येतो, खिडकीतून येतो, छातीतून येतो. आत्याने वर्ग सकाळी सातला नेला. न्यू जर्सीच्या मुलीला ते रात्रीचे साडेनऊ पडतात, तिची काही हरकत नाही म्हणाली.